पुण्याहून जर्मनीत: घर लावताना

चाकण, हिंजवडीतून नोकरीसाठी जर्मनीला जाणारी बरीच कुटुंबं पुण्यात आहेत. बोट क्लब रस्त्यावरच्या मॅक्स म्युलर भवनात भाषा शिकून झालेली असते, बॅगाही भरून होतात. खरी धांदल उडते ती तिकडे घर लावताना.

तिथे जाहिरातीत बहुधा दोन भाडी दिसतात. ‘काल्टमीटं’ म्हणजे नुसतं जागेचं भाडं. ‘वार्ममीटं’मध्ये हीटिंग आणि देखभालखर्च धरलेला असतो, विजेचं बिल मात्र बहुतेकदा वेगळंच. अनामत नुसत्या जागेच्या तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून घ्या: स्वयंपाकघर आहे का? अनेक घरं ओटा, सिंक, शेगडी, काहीच नसताना भाड्यानं देतात. छताला दिव्याऐवजी नुसत्या वायरी लोंबत असतात! पहिल्याच रात्री लेकरांना घेऊन अशा घरात शिरणं फार जिवावर येतं. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे सामानासह मिळणारं घर घेतलेलं बरं.

राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं, ते किल्ली घेतानाच मागून घ्या.

आपला मिक्सर तिथे चालतो. वीज २३० व्होल्टचीच, फक्त अर्थिंगवाला अ‍ॅडॉप्टर हवा. चटणी मात्र शनिवारीच वाटून ठेवा. रविवारी आणि रात्री दहानंतर आवाज केलेला शेजाऱ्यांना चालत नाही.