सातचा भोंगा आणि पुस्तकातला क्यूआर कोड

कानात इयरफोन आहेत ना? मग आज आपण फोनबद्दलच बोलूया. पण त्याआधी एका भोंग्याची गोष्ट.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. तीनेक हजार वस्तीचं. तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो. भोंगा वाजला की घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा, मग चालू. मधल्या दीड तासात पोरं अभ्यास करतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास हे सुरू झालं. सरपंच विजय मोहिते यांनी कल्पना मांडली तेव्हा लोक हसले होते. मग गावातल्या बायकांनी ती उचलून धरली. सुरुवातीला आशा ताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त गुरुजी घरोघरी जाऊन सांगायचे, "बंद करा बरं का!"

आता तुम्ही म्हणाल, मॅडम, तुम्ही तर वर्गात मोबाईल वापरून शिकवता. मग या भोंग्याचं कौतुक कसं करता?

तेच तर सांगायचंय. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आधी सातारा जिल्ह्यात होते, बदली होऊन आता सांगलीत आहे. या विषयात मी एकदा सपशेल आपटलेय, म्हणून बोलायचा हक्क आहे असं समजते.

2020 चा लॉकडाऊन. शाळा बंद, आणि आमचा वर्ग व्हॉट्सॲपवर. मी सकाळी व्हिडिओ टाकायचे, संध्याकाळी पोरं वहीचे फोटो टाकायची. माझ्या वर्गात दुसरीची एक मुलगी होती. रोज फोटो, रोज सुबक अक्षर, खाली अंगठा. मी पण रोज एक फूल टाकायचे, "शाब्बास!" शाळा उघडल्या तेव्हा ती चौथीत होती. तिला पुस्तक वाचायला दिलं तर ती नुसती बोटानं ओळ धरून बसली. एक शब्द वाचता येईना. वही तिचा मोठा भाऊ लिहायचा. फोन वडिलांचा, ते रात्री घरी यायचे, मग भाऊ भराभर लिहून फोटो टाकायचा. दीड वर्ष मी त्या भावाला शाब्बास म्हणत होते.

तिचा काय दोष? भावाचा तरी काय दोष? घरात फोन कुणाचा, तो किती वाजता मोकळा असतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं. त्याच काळात साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही अशा मुलांना साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल करून गोष्टी सांगितल्या. साधा कॉल! त्यांनी आधी मूल बघितलं, मग यंत्र निवडलं. मी उलटं केलं होतं.

त्या मुलीला वाचायला कसं शिकवलं? त्यासाठी मी कुमठ्याकडे वळले. सातारा तालुक्यातलं कुमठे बीट शिक्षकांमध्ये खूप गाजलेलं आहे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावाद वर्गात उतरवून दाखवला. फरशीवर आखलेली अक्षरं, अंक, तक्ते. हातात मणी, काड्या, काड्यांचे दहाचे गठ्ठे. पोरं गटात बसून एकमेकांना शिकवतात. राज्यभरातले शिक्षक गाड्या करून बघायला यायचे. त्या वर्गांची ताकद खडू, फरशी आणि काड्यांमध्ये होती. आमची ती मुलगी अशीच फरशीवर बसून, अक्षरांवर उड्या मारत वाचायला लागली. पाचवीत जाताना तिने मला गोष्ट वाचून दाखवली. तेव्हा फोन मी एकाच कामाला वापरला: तिचं वाचन रेकॉर्ड करून तिलाच ऐकवायचे. स्वतःचा आवाज ऐकून ती म्हणायची, "मॅडम, इथं चुकलं, परत घ्या."

बघा, फोन तोच. दीड वर्ष त्याने तिचं न येणं झाकलं, आणि आता तिची चूक तिलाच दाखवली.

आता क्यूआर कोडकडे येऊ. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले, परितेवाडीच्या शाळेत शिकवलेले रणजितसिंह डिसले गुरुजी तुम्हाला माहीत असतील. 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली! त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, आणि पुढे बालभारतीच्या पुस्तकांत कोड आले. 2017 मध्ये आलेल्या दीक्षा ॲपवरून तो कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. मला यातली एक गोष्ट फार आवडते. पोरगं इंटरनेटच्या जत्रेत हरवत नाही. पुस्तकाच्या पानावरून जातं आणि त्या धड्यापाशीच पोचतं.

पण कोड स्कॅन करून व्हिडिओ लावला आणि मी खुर्चीत बसले, तर ते शिकवणं झालं का? नाही ना! मग अभ्यासक्रमात तंत्रज्ञान आणायचं म्हणजे काय? माझ्या सातवीच्या वर्गातलं उदाहरण देते.

आमची शाळा कृष्णाकाठी आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं. तिथे इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. माझ्या वर्गातल्या कित्येकांच्या घरात तेव्हा पाणी शिरलं होतं. त्यामुळे दर पावसाळ्यात पोरांच्या पोटात गोळा येतो, आणि व्हॉट्सॲपवर कुणीतरी टाकतंच, "कोयना धरण फुटलं, पळा!"

म्हणून आम्ही पावसाळ्यात एक काम करतो. कोयनेतून किती क्युसेक सोडले आणि आयर्विनला पाणी किती फूट, हे आकडे प्रशासनाकडून येतात. फोन एकच, माझा. आकडे फळ्यावर लिहायचे, आलेख पोरांनी कागदावर काढायचा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, साधारण 28 लिटर. मग 50 हजार क्युसेक म्हणजे? सेकंदाला 14 लाख लिटर! टँकर 10 हजार लिटरचा धरला तर सेकंदाला 140 टँकर. हे गणित पोरांनी स्वतः केलं. नकाशावर पाणी कुठून येतं तेही शोधलं: पाटण, मग कराडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते, मग खाली आपल्याकडे. एक मुलगा आलेखाकडे बघून म्हणाला, "मॅडम, तिकडं आज सोडलं तरी आपल्याकडं लगेच चढत नाही. मधे वेळ मिळतोय." गणित, भूगोल, विज्ञान, सगळं त्या एका वाक्यात आलं. पुढच्या वेळी अफवेचा मेसेज आला तेव्हा त्याच पोराने आजीला सांगितलं, "थांब, आधी आकडा बघू."

मंडळी, मला याहून मोठा डिजिटल वर्ग माहीत नाही.

आता एक आकडा तुमच्यासाठी. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या असर अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांना फोनबद्दल विचारलं होतं. 82 टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरलेली मुलं 57 टक्के, आणि सोशल मीडियासाठी 76 टक्के. म्हणजे फोन चालवायला शिकवायची गरजच उरली नाही. तो कशासाठी हातात घ्यायचा आणि कधी ठेवायचा, एवढंच शिकवायचं राहिलंय.

म्हणून मला भोंगा आणि क्यूआर कोड एकमेकांचे वैरी वाटत नाहीत. वडगावकरांनी फोन फोडले नाहीत, त्याला वेळ लावून दिली. वर्गातही तेच करायचं.

तुम्ही हे ऐकताय म्हणजे तुमच्याकडे फोन आहे. घरात धाकटं भावंड असेल, शेजारी एखादं पोरगं असेल, तर आज वीस मिनिटं त्याच्याजवळ बसा. त्याच्या पुस्तकातला एक कोड स्कॅन करा, सोबत बघा, आणि फोन खाली ठेवून विचारा, "आता मला सांग बरं, काय कळलं?" वही मात्र त्याची त्यालाच लिहू द्या. अक्षर वाकडं आलं तरी चालेल.

आणि हा भाग संपला की लगेच पुढचा लावू नका. सात वाजत आलेत.