दुकानाआधी माल

राणी दुर्गावतीच्या मंत्र्याच्या, आधारसिंहांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि १९६४ साली स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालयाचे ठिकाण असलेल्या जबलपूरच्या अधारतालात एखाद्या मराठी गृहस्थाने ऑनलाइन दुकान थाटण्याचा मनसुबा केला, तर त्याला प्रथम मटार आठवेल. कारण ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत या जिल्ह्याच्या वाट्याला तोच आला आहे. परंतु ताजा मटार शीतव्यवस्थेवाचून दूरचा प्रवास सोसत नाही. भेडाघाटच्या मऊ दगडाच्या मूर्ती मोहक खऱ्या, पण टवका उडालेला गणपती परत आला की नफा तेथेच संपतो. त्या मानाने मंडला-दिंडोरीकडील कोदो-कुटकी ही भरडधान्ये टिकाऊ.

तरीही दराची तजवीज आधी हवी. कुरिअरवाले प्रत्यक्ष आणि आकारमानी वजनांपैकी जे अधिक, त्यावर आकारणी करतात. तीस, वीस व दहा सेंटिमीटरांच्या खोक्याला ५००० हा प्रचलित भाजक लावला, की आत अर्धा किलो लाह्या असल्या तरी हिशेब १.२ किलोचा होतो!

मागणीच्या बाबतीत आप्तेष्टांची वाहवा पुरावा म्हणून दाखल करून घेऊ नये; त्यांना कोदोची खीर फुकट मिळालेली असते. थोडाच माल भरून, अनोळखी गिऱ्हाइकांकडून आगाऊ रक्कम घेऊन, त्यांपैकी कितीजण दुसऱ्यांदा मागवतात हे वहीत टिपावे. एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी मात्र पहिली पुडी विकण्यापूर्वीच करावी लागते, आणि तिचा क्रमांक वेष्टनावर छापावा लागतो.