चुकलेले रोमन सैनिक
(रेडिओवरील भाषण)



छंदांचा विषय निघाला की तिकिटे, नाणी, काडेपेट्यांचे छाप ही नावे लगेच पुढे येतात. आज मी बोलणार आहे त्या छंदाचे नाव मात्र क्वचितच कुणी घेते. प्राचीन रोमच्या सैनिकांच्या खेळण्यातल्या छोट्या मूर्ती जमवणे, हा तो छंद. कुणी म्हणेल, पोरखेळ. पण या खेळण्यांत एक गंमत आहे. रोमन सैन्याबद्दल माणसाला जसजसे कळत गेले, तसतसे हे सैनिक बदलत गेले. त्यामुळे कपाटातल्या सैनिकाकडे नीट पाहिले, तर तो साधारण कोणत्या काळात ओतला गेला, हे त्याच्या अंगावरच्या चुकाच सांगतात.

आधी थोडे या खेळण्यांविषयी. जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग गावी १८ व्या शतकात कथलाचे चपटे सैनिक ओतत असत. समोरून पाहिले तर रेखीव, कडेने पाहिले तर नुसती एक रेघ. पुढे भरीव शिशाचे सैनिक आले, पण ते जड आणि महाग. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये यावर तोड काढली. साच्यात वितळलेले शिसे ओतायचे, बाहेरचा थर थिजला की साचा उलटा करून आतले पातळ शिसे काढून घ्यायचे. सैनिक आतून पोकळ झाला, शिसे वाचले, किंमत उतरली. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिक आले. शिसे विषारी म्हणून खेळण्यांतून हद्दपार होत गेले आणि एअरफिक्ससारख्या कंपन्यांच्या छोट्या डब्यांतून रोमनांची अख्खी तुकडी मुलांच्या हाती पडू लागली.

मापाचे म्हणाल, तर दिवाळीच्या किल्ल्यात मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी कुणाचे बिघडत नाही. संग्राहकाचे मात्र बिघडते. ब्रिटनचे जुने माप ५४ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या माणसाच्या उंचीचा सुमारे बत्तिसावा भाग. आज इटालेरी, झ्वेझ्दा, हॅट या कंपन्यांचे प्लास्टिकचे रोमन मिळतात, त्यांत १:७२ हे माप फार चालते. यातला सैनिक जेमतेम इंचभर उंच असतो. दोन मापे एका फळीवर उभी केली की सैन्य विस्कटलेच.

आता चुकांकडे वळू. खेळणी घडवणाऱ्यांनी रोमन सैनिक पाहिला कुठे? बहुतेकांनी तो पाहिला रोममधल्या ट्राजन सम्राटाच्या स्तंभावर, निदान त्याच्या चित्रांतून. इ.स. ११३ मधला हा स्तंभ सुमारे ३० मीटर उंच आहे आणि त्यावर अडीच हजारांहून अधिक आकृत्या कोरलेल्या आहेत. पण शिल्पकाराला युद्धाची गोष्ट सांगायची होती, शस्त्रागाराची यादी करायची नव्हती. चेहरे झाकले जाऊ नयेत म्हणून त्याने ढाली लहान कोरल्या. आडव्या पट्ट्यांचे चिलखत कोरले, पण ते कसे जोडलेले असे, हे दगडावरून उमगत नव्हते. मग कुणी ते चामड्याचे मानले, कुणी चामड्याच्या अंगरख्यावर पट्ट्या बसवल्या. सिनेमाने तेच उचलले, खेळण्यांनीही तेच.

याचा उलगडा झाला १९६४ मध्ये. उत्तर इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीजवळ कॉरब्रिज येथे जमिनीत पुरलेली एक लाकडी पेटी सापडली. तिच्यात गंजलेल्या चिलखतांचे भाग होते. लंडनच्या टॉवरमधल्या शस्त्रागाराचे अभ्यासक रसेल रॉबिन्सन यांनी त्यावरून चिलखत पुन्हा उभे केले. पट्ट्या लोखंडाच्या, आतून चामडी बंदांवर रिव्हेटने बसवलेल्या, बाहेर पितळी बिजागऱ्या आणि बकले. त्यानंतरच्या चांगल्या मूर्तींवर या बिजागऱ्या टिपलेल्या दिसतात.

पुढे जर्मनीत काल्क्रीझे येथे, इ.स. ९ मधल्या रोमनांच्या मोठ्या पराभवाशी जोडल्या जाणाऱ्या रणभूमीवर, याच प्रकारच्या चिलखताचे भाग मिळाले. म्हणजे हे चिलखत आधी वाटले होते त्याहून जुने निघाले. पण ज्युलियस सीझरच्या काळापर्यंत काही ते मागे जात नाही. सीझरचा खून झाला इ.स.पू. ४४ मध्ये. त्याचे सैनिक कड्यांत कडी ओवलेले जाळीचे चिलखत घालत. तेव्हा डब्यावर सीझरचे नाव आणि आत पट्ट्यांचे चिलखत घातलेली पलटण, असे दिसले तर हसायला हरकत नाही.

आणखी काही खुणा सांगतो. सेंच्युरियन, म्हणजे सुमारे ऐंशी सैनिकांचा नायक, याच्या शिरस्त्राणावरचा तुरा आडवा, या कानापासून त्या कानाकडे असे. साधा सैनिक तलवार उजव्या कमरेला लावी, सेंच्युरियन डाव्या. ढालीची चर्चा फार होते, पण वाकवलेली मोठी आयताकृती ढाल अखंड मिळाली आहे ती एकच. ती सीरियातल्या दुरा-युरोपोस येथे सापडली आणि आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहे. लाल भूमीवर सिंह, गरुड आणि पंखधारी विजयदेवता रंगवलेल्या. राहिला रथ. मुलांना तो हवाच असतो, पण रोमन सैन्य रथातून लढत नसे. रथ शर्यतीसाठी आणि विजयाच्या मिरवणुकीसाठी.

आणि सैनिकाचा अंगरखा लाल की पांढरा? यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही. तेव्हा तुम्ही खुशाल हवा तो रंग द्या. रंगवण्याआधी मऊ प्लास्टिकचे सैनिक साबणाच्या पाण्याने धुवा, नाहीतर पोपडे निघतात. जुने शिशाचे सैनिक लहान मुलांच्या हाती देऊ नका, हाताळल्यावर हात धुवा. ते ओकच्या बंद कपाटातही ठेवू नका. त्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि शिशावर पांढरी भुकटी धरते. काच आणि धातूचे कपाट उत्तम.

शेवटी नव्याने सुरुवात करणाऱ्यांना एक विनंती. सगळे रोम जमवायला जाऊ नका. एक शतक निवडा, एक माप निवडा. आणि संग्रहातला एखादा सैनिक चुकीचा आहे असे कळले, तर तो काढून टाकू नका. त्याच्या बैठकीखाली कंपनीचे नाव आणि साल लिहा, आणि नव्या, बिनचूक सैनिकाच्या शेजारी त्याला उभा करा. नुसत्या बिनचूक सैनिकांचा संग्रह रोम दाखवतो. चुकलेलेही ठेवले, तर रोम आपल्याला कळत कसे गेले, तेही दाखवतो. माझ्या मते दुसरा संग्रह अधिक मोलाचा.