मास्तरांच्या कामाचें माप
(पालकांच्या सभेपुढें केलेलें भाषण)



आजचा विषय ऐकून मागें बसलेले गुरुजी जरा सावरून बसले आहेत, आणि पुढच्या कांहीं पालकांच्या तोंडावर हंसूं आलें आहे. आतां मास्तरांची हजेरी घेतली जाणार, असें दोघांनाही वाटत असावें. तसें होणार नाहीं; पण मास्तरांची आरती ओवाळण्यासही मी उभा राहिलेलों नाहीं. प्राथमिक शाळेंतील शिक्षकाचें काम बरें कीं वाईट हें कशावरून ठरवावें, आणि तें ठरविण्यांत आपला अधिकार किती, एवढेंच मला बोलावयाचें आहे.

आपण सुताराकडून औत करून घेतों. तें नीट साधलें आहे कीं नाहीं हें सांगावयास तालुक्याचा साहेब यावा लागत नाहीं. पहिल्या तासालाच कळतें. गाडगें वाजवून घेतों, वहाण पायांत घालून चार पावलें चालून पाहतों. मग ज्याच्या हातीं आपलें पोर वर्षाचे दोनशें दिवस सोंपवितों, त्याच्या कामाविषयीं मात्र "तें साहेब बघतील" म्हणून आपण अंग कां काढून घेतों? कारण उघड आहे. विद्या ही तुमची वस्तु नव्हे, तेव्हां तिची पारख तुम्हांला कोठून येणार, असें आपल्या बापजाद्यांना पिढ्यान् पिढ्या ऐकविण्यांत आलें. ऐकविणारे गेले, पण तें बोलणें आपल्या कानांत अजून बसलेलें आहे.

हा प्रश्न आजचा नाहीं. १८८२ सालीं सरकारनें हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षणाच्या चौकशीसाठीं कमिशन नेमलें, तेव्हां जोतीराव फुले यांनीं पुण्याहून आपलें निवेदन त्यापुढें ठेविलें. त्याची तारीख १९ ऑक्टोबर १८८२. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना शिक्षण सक्तीचें करा, ही त्यांतील मागणी सर्वांना ठाऊक आहे. ती व्याख्यानांतून वरचेवर सांगितली जाते. पण मास्तरांविषयीं त्यांत जें लिहिलें आहे तें फारसें कोणी सांगत नाहीं. खेड्यांतला मास्तर शिकविण्याचें शिक्षण घेतलेला असावा. होईल तों शेतकरी वर्गांतलाच असावा, म्हणजे तो लोकांत मिसळेल. नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची त्याला लाज वाटतां कामा नये. त्याचा पगार महिना बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गांवीं पंधरा-वीस असावा. आणि तपासणीविषयीं? वर्षांतून एकदां डिपुटी येऊन जातो त्याचा फायदा दिसत नाहीं. निदान दर तीन महिन्यांनीं शाळा तपासावी, शिवाय मधून मधून वर्दी न देतां जावें. गांवचे व जिल्ह्याचे कामगार यांच्यावर भिस्त ठेवूं नये, कारण त्यांच्या मागें इतर कामें इतकीं कीं त्यांची परीक्षा वरवरचीच होणार. १८८२ सालच्या ह्या तक्रारीवर नांव बदलून आजची तारीख घातली तर आमच्या किती केंद्रप्रमुखांना ती लागू पडेल, हें त्यांनींच मनाशीं ठरवावें.

याच निवेदनांत दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध आहेत असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. जो मास्तर पुष्कळ मुलें पास करील त्याला पगाराखेरीज कांहीं जादा द्यावें, असें जोतीराव म्हणतात. आणि शाळेचा पैसा निकालावर देण्याची जी सरकारी पद्धत होती ती गरीब व अडाणी लोकांच्या शिक्षणास मुळींच योग्य नाहीं, असेंही म्हणतात. पण यांत विरोध नाहीं, व्यवहार आहे. गडी बांधील ठेवला, त्याची ठरलेली मजुरी दिली, आणि सुगी चांगली साधली म्हणून वर एक पोतें दिलें, ही एक रीत. पीक आलें तर मजुरी, नाहींतर उपाशी मर, ही दुसरी. दुसऱ्या रीतीनें मुरमाड रानांत कोणी गडी पाऊलच ठेवणार नाहीं. आपल्या वस्त्या त्या काळीं शिक्षणाच्या दृष्टीनें मुरमाड रानच होत्या. आपल्या हिंमतीवर तेथें शाळा काढून पोट भरेल असा मास्तर मिळणार नाहीं, हें जोतीरावांनीं ओळखलें होतें.

ही निकालावर पैसा देण्याची पद्धत विलायतेंतली. तेथें १८६२ सालीं रॉबर्ट लो नांवाच्या मंत्र्यानें ती चालू केली. तपासनिसानें यावें, दरेक मुलाची वाचन, लेखन व हिशेब यांत परीक्षा घ्यावी, आणि नापास मुलामागें शाळेचा पैसा कापावा. झालें काय? मास्तरांनीं तेवढेंच पुस्तक वर्षभर घोटून घेतलें. मुलांना तें तोंडपाठ झालें. पुस्तक उलटें धरलें तरी पोरगें धडाधड म्हणून दाखवी. मॅथ्यू आर्नल्ड हा कवि स्वतः शाळांचा तपासनीस होता, त्यानेंच ह्या पद्धतीविरुद्ध लिहिलें. तीस-पस्तीस वर्षांनीं ती मोडीत निघाली. पण खोड गेली नाहीं. अमेरिकेंतील अटलांटा शहरांत २००९ सालच्या परीक्षांची चौकशी झाली. निकालासाठीं वरून दाब इतका कीं, मास्तरच मुलांचीं चुकलेलीं उत्तरें खोडून बरोबर करीत होते. २०११ सालच्या अहवालांत ४४ शाळा व १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक यांजवर ठपका आला. तेथें बहुतेक मुलें गरिबांचीं व काळ्या लोकांचीं. त्यांना न शिकवतां पास दाखविण्यांत आलें, म्हणजे त्यांची चोरी झाली, आणि वर शाबासकी मास्तरांना व अधिकाऱ्यांना मिळाली.

म्हणून माप घ्यावें, पण काटा कोठें धरावा हें समजून घ्यावें. काळ्या जमिनींत एकरीं दहा पोतीं काढणारा आणि मुरमाडांत पांच काढणारा, यांत कोणी जास्त घाम गाळला हें तुम्हांला मी सांगावयास नको. ज्या घरांत आईबाप शिकलेले आहेत, दारांत वर्तमानपत्र पडतें, संध्याकाळीं शिकवणी लागते, त्या घरचें पोर चौथींत वाचूं लागलें यांत मास्तराचा वांटा किती? आणि जें पोर दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातें व सुगी संपल्यावर परत येतें, त्याला जर गुरुजींनीं धरून बसवून जोडाक्षरांपर्यंत आणलें, तर दाखल्यावर त्याचे गुण थोडेच दिसतील. पण त्या गुरुजींचें काम मोठें आहे. मूल कोठें होतें आणि कोठवर आलें, त्या दोहोंमधील अंतर मोजा. नुसतें पोंचलेलें ठिकाण मोजाल तर गरिबांच्या शाळेंतला प्रत्येक मास्तर नालायक ठरेल, आणि चांगला मास्तर आपल्या वस्तीवरून बदली मागून निघून जाईल.

असें माप घेतां येतें, तें कांहीं स्वप्न नव्हे. २००५ सालापासून आंध्र प्रदेशांत कार्तिक मुरलीधरन व वेंकटेश सुंदररामन या दोघां अभ्यासकांनीं ग्रामीण सरकारी शाळांत एक प्रयोग केला. शंभर शाळांत एकेका मास्तराला, दुसऱ्या शंभर शाळांत सबंध शाळेला मिळून बक्षीस ठेविलें, व शंभर शाळा तुलनेसाठीं तशाच राहूं दिल्या. वर्षाच्या आरंभापासून मुलांचे गुण किती वाढले, त्यावर बक्षीस. आणि तें पगाराच्या सुमारें तीन टक्केच. पगाराला हात लावला नाहीं. परीक्षा घेणारे शाळेबाहेरचे. दोन वर्षांनीं बक्षिसाच्या शाळांतील मुलें गणितांत व भाषेंत इतरांच्या पुढें निघालीं. जोतीरावांची सव्वाशें वर्षांपूर्वींची जादा भत्त्याची सूचना अशी उतरून पाहण्यांत आली, असें म्हटलें तर चुकणार नाहीं.

आतां हजेरीकडे वळूं, कारण चावडीवर सर्वांत जास्त बोललें जातें तें तिच्याविषयीं. २००३ सालीं देशांतील पुष्कळ राज्यांत वर्दी न देतां शाळांना भेटी देण्यांत आल्या. शंभरांत पंचवीस शिक्षक शाळेंत नव्हते, आणि शिकवीत असलेले सुमारें निम्मेच होते. महाराष्ट्रांत गैरहजर सुमारें पंधरा, म्हणजे पाहिलेल्या राज्यांत सर्वांत कमी. हा आकडा सभांतून फेंकला जातो. पण २०१७ सालीं सहा राज्यांतील ६१९ शाळांची पाहणी झाली तिच्यांत, शाळेंत नसलेला मास्तर कोठें गेला होता हेंही विचारलें. शंभरांत अठरा-एकोणीस शाळेंत नव्हते. त्यांतले निम्मे सरकारी कामावर, बरेचसे रजेवर, आणि विनाकारण दडी मारलेले अडीच. त्या अडीचांना मी सोडीत नाहीं. एकशिक्षकी शाळेंत एक दडी म्हणजे सबंध शाळा बुडाली. पण जे नऊ सरकारी कामावर होते त्यांची मुलेंही बिनशिकवणीचीं राहिलींच ना? २००९ सालच्या शिक्षण हक्काच्या कायद्यानें, कलम २७ अन्वयें, जनगणना, आपत्तींतील मदत व निवडणुका यांखेरीज शिक्षकांना शिक्षणाबाहेरचें काम देण्यास मनाई आहे. तरी माहिती भर, फोटो पाठव, तक्ता आजच्या आज दे, ही टुमणी चालूच असते. मग वरिष्ठाला वेळेवर तक्ता देणारा मास्तर हुशार ठरतो, आणि वर्गांत गुंतल्यामुळें तक्ता विसरणारा कामचुकार. कागदाचें माप हें असें आहे. तें मास्तराचें काम मोजीत नाहीं, मास्तराचा कागद मोजतें.

आपला अधिकार कोठें आहे तो सांगतों. त्याच कायद्याच्या कलम २४ मध्यें शिक्षकाचीं कर्तव्यें लिहिलीं आहेत. वेळेवर व नियमित येणें. नेमलेला अभ्यास मुदतींत पुरा करणें. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पाहून लागेल तें जादा शिकविणें. आणि पालकांना भेटून मुलाची हजेरी व प्रगति त्यांना सांगणें. "प्रत्येक मुलाची" हे शब्द ध्यानांत धरा. पुढल्या ओळींतल्या पांच मुलांवर वर्ग चालविणारा मास्तर, त्या पांचांना कितीही बक्षिसें मिळोत, ह्या कलमाप्रमाणें आपलें काम करीत नाहीं. आणि कलम २१ अन्वयें सरकारी व अनुदानित शाळांतून शाळा व्यवस्थापन समिति असावी लागते. तिच्यांत चारांत तीन हिस्से पालक, सर्व सभासदांत निम्म्या स्त्रिया, व मागास घटकांना त्यांच्या संख्येप्रमाणें जागा. शाळेच्या कामावर देखरेख हें तिचें कामच आहे. पण पुष्कळ गांवीं समितीचे सभासद आपण सभासद आहों हें सहीची वही घरीं आल्यावर जाणतात. कोऱ्या कागदावर अंगठा देऊन आपण सावकाराकडे जमीन घालविली. आतां सही करतां येऊं लागली म्हणून तीच चाल शाळेंत चालूं देणार काय?

कोणी म्हणेल, आम्हांला वाचतां येत नाहीं, आम्ही काय तपासणार? बाई, तुम्हांला वाचतां येत नसेल, पण वाचणारा अडखळतो कीं सरळ जातो हें कानाला कळतें. पोराच्या हातीं पाठ झालेलें पुस्तक देऊं नका. डेअरीची पावती द्या, विजेचें बिल द्या, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी द्या. किती लिटर दूध गेलें, दर काय, पैसे किती व्हावे, हें त्याच्याकडून मांडून घ्या. जून महिन्यांत एकदां, दिवाळीला एकदां, मार्चांत एकदां. आणि दर वेळीं तेंच पोर. वही उघडा. सर्व पानांवर लाल खूण एकसारखी असेल व चूक एकही सुधारलेली नसेल, तर वही तपासलेली नाहीं, रंगविलेली आहे. शेजारच्या वहीशीं ताडून पाहा. दोन्हींत शब्दन् शब्द तोच असेल तर तें फळ्यावरून उतरलेलें आहे, डोक्यांतून आलेलें नाहीं. आणि पोराला विचारा, गुरुजींनीं ह्या आठवड्यांत तुला नांवानें हांक मारून कांहीं विचारलें काय? मागच्या भिंतीला टेकून बसणाऱ्या पोराकडून ह्याचें जें उत्तर येतें तें कोणत्याही गोपनीय अहवालांत सांपडणार नाहीं.

इतकें पाहिल्यावर गुरुजींशीं बोलावें. चव्हाट्यावर नव्हे, समितींत. आणि आधीं त्यांचें म्हणणें ऐकून. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक कायद्यानें पाहिजेत. तुमच्या शाळेंत ते आहेत काय? चार इयत्ता एकाच खोलींत कोंबून एका मास्तराकडून चार मास्तरांचें काम मागाल तर तो सावकारी हिशेब झाला. दुसरा मास्तर मागणें हेंही देखरेखीचेंच काम आहे, आणि तें मास्तरानें नव्हे, आपण केलें पाहिजे. त्याचा अर्ज वरिष्ठ कचऱ्यांत टाकतील, समितीचा ठराव आवक-वहींत चढतो. गांवांतल्या तटांत मास्तराला ओढूं नका. अमक्यानें दुसऱ्या पार्टीच्या घरीं चहा घेतला म्हणून त्याच्या नांवें अर्ज करणारे लोक मीं पाहिले आहेत; त्यांचीं स्वतःचीं मुलें तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत असतात, हेंही पाहिलें आहे.

पण सर्व ऐकून, सर्व सवलत देऊन, तरीही मास्तर येत नसेल, आलाच तर शिकवीत नसेल, तर भीड धरूं नये. त्याच कलम २४ मध्यें कर्तव्य चुकविणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणें कारवाई करण्याची तरतूद आहे, अर्थात् त्याला आपलें म्हणणें मांडूं देऊन. तारखा लिहून ठेवा. कोणत्या दिवशीं शाळा किती वाजतां उघडली, कोणत्या इयत्तेला कोणी शिकविलें नाहीं, एवढेंच, विशेषणें नकोत. असें दोन महिन्यांचें टिपण गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढें समितीच्या ठरावासह गेलें म्हणजे "तोंडी तक्रार आहे" असें म्हणून तें बाजूला सारतां येत नाहीं. हें टिपण ठेवण्याचें काम समितींतल्या आयाबहिणींकडे द्यावें अशी माझी सूचना आहे. पोर शाळेंतून किती वाजतां परत आलें हें घरांत त्यांनाच नक्की ठाऊक असतें. आणि पुढल्या सभेची नोटीस निघाली म्हणजे ती नवऱ्याच्या हातीं न देतां त्यांच्याच हातीं पडेल, एवढें गुरुजींनीं पाहावें.