निदानानंतरचे दिवस



भिवंडी हे मागांचे गाव. बारा तासांची पाळी, एका खोलीत आठ-दहा गडी, जेवण भिशीत. अशा ठिकाणी ज्याच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू सापडला, त्या माणसाच्या मनाविषयी मला बोलावयाचे आहे. देहाविषयी थोडक्यात सांगतो, कारण देहाची सोय झालेली आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एआरटीची औषधे फुकट देण्यास प्रारंभ केला आणि २०१७ पासून निदान होताच ती सुरू करावयाची असे ठरले. औषध न चुकता घेऊन विषाणूचे प्रमाण मोजमापाच्या खाली राहिले, तर लैंगिक संबंधातून लागणही होत नाही. मग ही बातमी ऐकताच माणूस अजूनही कोलमडतो तो का? झोप उडते, घास उतरत नाही, कित्येकांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात.

माझ्या मते याचे उत्तर विषाणूत नाही. बातमी कोणी, कशी आणि कोणादेखत सांगितली यात ते आहे. यासाठी आपल्या शेजारच्या गोव्यातील एक प्रकरण पाहू. डॉमिनिक डिसोझा हा तरुण रक्तदान करीत असे. १९८९ च्या फेब्रुवारीत पोलीस त्याला घेऊन गेले. का, ते त्याला कोणी सांगितले नाही. रुग्णालयाच्या नोंदवहीत स्वतःच्या नावापुढे एड्स हा शब्द दिसला तेव्हा त्याला कळले! पुढे जुन्या क्षयरुग्णालयाच्या इमारतीत त्याला ६४ दिवस एकटे कोंडले. गोव्याचा तेव्हाचा आरोग्यविषयक कायदाच तसा होता. आजाराने तोवर त्याच्या देहाला काही केले नव्हते. जे केले ते माणसांनी.

आणि तो सावरला तोही माणसांमुळेच. आई ल्यूसी उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने कायदा उचलून धरला, तरी ती माऊली मुलाच्या बाजूने उघडपणे उभी राहिली, हे त्याला किती पुरले असेल! १९९२ साली त्याने अशाच रुग्णांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था काढली आणि त्याच वर्षी तो गेला. तेव्हा आजची औषधे नव्हती. मनाची उभारी औषधाच्या आधी येऊ शकते, एवढे मात्र त्याने दाखविले.

काम हा दुसरा आधार. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी कामगाराच्या बाजूने निकाल दिला: अंगात काम करण्याची शक्ती असताना केवळ एचआयव्ही आहे म्हणून कोणाला नोकरी नाकारता येणार नाही. त्याचे नाव न्यायालयाने गुप्त ठेवू दिले. हे गुप्त ठेवणे मला निकालाइतकेच मोलाचे वाटते. बातमी कोणाला सांगावी हे ज्याचे त्याला ठरवता आले, की निम्मी भीती ओसरते.

२०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून तपासणी नाही, परवानगीवाचून वाच्यता नाही, भेदभाव नाही, असे तो सांगतो. पण तक्रार ऐकणारा अधिकारी नेमण्याचे बंधन शंभर किंवा अधिक माणसांच्या आस्थापनांवर आहे. रुग्णालयांना ही मर्यादा वीस. आपल्याकडचे कितीतरी कारखाने दहा-वीस माणसांचे! तेथे तक्रार ऐकणार कोण? मुकादम. आणि त्याच्या जेवणाचे ठरवणार भिशीवाली बाई.

म्हणून माझे आजचे बोलणे डॉक्टरांपेक्षा या दोघांना उद्देशून आहे. खोलीत कोणी रोज ठरल्या वेळी गोळी घेत असेल, तर डबी उघडून वाचू नका. त्याचे ताट वेगळे करू नका. एका ताटात जेवल्याने हा विषाणू लागत नाही. महिन्यातून एक दिवस तो औषध आणायला सुटी मागेल, ती कारण न विचारता द्या. आणि ज्याला कोणाशीच बोलता येत नाही त्याला १०९७ हा फुकट दूरध्वनी ठाऊक असू द्या. तेथे नाव सांगावे लागत नाही.