देवळाचे जुने लाकूड

हवेतील कर्बवायू वाढल्याने पृथ्वी तापत चालली आहे. झाड तोच वायू घेऊन वाढते. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कर्ब असतो. लाकूड जळले वा कुजले की तो हवेत परततो. खांब-तुळयांत टिकले, तर तोवर अडकून राहतो.

जपानमधील इसे येथील देवालय दर २० वर्षांनी नवे बांधतात. २०१३ साली ६२ वी उभारणी झाली. उतरवलेले लाकूड देशातील इतर देवळांच्या कामी येते. शिवाय पुढील उभारण्यांसाठी १९२३ पासून देवस्थानच्या वनात झाडे लावली जात आहेत.

जीर्णोद्धारात निघालेले वासे चुलीत घालण्यापूर्वी हे ध्यानी घ्यावे. धड लाकूड पुन्हा वापरावे. तोडलेल्या झाडामागे नवे लावून जगवावे. हीही देवाची सेवाच होय.