हरळीची काशी आणि मेंदूतली गाठ

आपल्या गटांच्या कार्यक्रमात आज आम्ही जरा वेगळा विषय घेतलाय. कुत्र्याच्या मेंदूत होणारी कर्करोगाची गाठ. कुत्र्याच्या आजाराशी आपलं काय काम, असं कुणी म्हणेल. काम आहे, ऐका तर खरं.

माणसाच्या मेंदूत ग्लायोमा नावाची गाठ होते. तिचा सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. हीच गाठ कुत्र्यालाही होते. बॉक्सर, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांत जास्त. वय झालेल्या कुत्र्याला अचानक फिट यायला लागते, तो एकाच बाजूला गोल फिरतो, भिंतीला डोकं टेकवून उभा राहतो. पण एक सांगून ठेवतो. गावात कुत्रा असा विचित्र वागताना दिसला, तर आधी पिसाळल्याचीच शंका घ्यायची आणि लांब राहायचं. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करायची.

आता गाठीकडे वळू. ऑपरेशन केलं, औषधं दिली, लाइट दिली, तरी ही मेंदूतली गाठ बहुतेक वेळा परत येते. का येते? आपल्या रानातली हरळी आठवा. वरचं गवत कितीही खुरपलं, तरी खाली काशी राहिली की पहिल्या पावसाला रान पुन्हा हिरवं.

गाठीचंही तसंच. तिच्यातल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. थोड्या पेशी काशीसारख्या असतात, त्या अख्खी गाठ नव्याने उभी करू शकतात. त्यांना कर्करोगाच्या मूळपेशी किंवा स्टेम सेल म्हणतात. २००४ साली कॅनडात टोरोंटोला शीला सिंग आणि पीटर डर्क्स यांच्या गटाने माणसाच्या मेंदूतल्या गाठींमधून अशा पेशी निवडून काढल्या. त्यातल्या फक्त १०० पेशी उंदराच्या मेंदूत सोडल्या, तर नवी गाठ झाली. बाकीच्या पेशींपैकी १ लाख सोडल्या, तरी गाठ झाली नाही. पुढे २००९ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या संशोधकांना कुत्र्याच्या ग्लायोब्लास्टोमातही अशा पेशी सापडल्या.

मग कुत्र्याकडून शिकायचं कशासाठी? उंदराला गाठ मुद्दाम द्यावी लागते, कुत्र्याला ती आपोआप होते. त्याचा मेंदू मोठा, आणि तो माणसाच्याच घरात वावरतो. म्हणून मालकाच्या परवानगीने आजारी कुत्र्यावर नवा उपचार करून बघतात. त्यात कुत्र्याचंही भलं, माणसाचंही. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींना जास्त मारतं. मूळपेशी सावकाश वाढतात, म्हणून त्यातून निसटू शकतात. त्यांना गाठायचं कसं, याचा शोध चालू आहे.

आता आपलं काम. २००३ साली स्तनाच्या कर्करोगातही अशा पेशी सापडल्या. आणि आपल्या गटांमध्ये आम्ही काय बघतो? गाठ बसली, दुखायचं थांबलं, की बाई दवाखाना सोडते. मजुरी बुडते, एसटीला पैसे लागतात, घरचे म्हणतात, आता बरी आहेस ना, मग कशाला जातेस? पण डोळ्यांना गाठ दिसत नाही आणि हाताला लागत नाही, एवढ्यावरून आजार मुळापासून गेला असं धरता येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेला उपचार पुरा करायचा आणि नंतरच्या तपासण्याही चुकवायच्या नाहीत.

हे एकटीला जड जातं, म्हणून गटाने तीन गोष्टी कराव्यात. तपासणीच्या तारखा गटाच्या वहीत लिहाव्यात. सोबत कोण जाणार ते बैठकीतच ठरवावं. भाड्याला पैसे नसतील तर अंतर्गत कर्ज द्यावं. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा.

तुमच्या गटात कुणी उपचार अर्ध्यावर सोडला असेल, तर येत्या बैठकीची वाट बघू नका. आज संध्याकाळीच तिच्या घरी जा आणि पुढची तारीख विचारा.